रूपरावची उघडी फाईल

अंकुशला एका दुपारच्या कामात दोन गोष्टी मिळणार होत्या. मेलेल्या रूपरावची पक्की नोकरी आणि जिवंत मोहिनी. तिच्या बापाने स्पष्टच सांगितलं होतं, "आधी पक्का हो, मग पत्रिका पाहू."

अंकुश माझा सख्खा मावसभाऊ. यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

२००३ चा मे. नालवाडीतला एक कॉम्प्युटर क्लास. भर दुपारचे दोन.

रूपराव तिथला ऑपरेटर. आठवड्यापूर्वी टाइप करता करताच खुर्चीत गेला. तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा तसाच.

"त्याचा सारा कचरा काढ," संचालक मधुकरराव बाहेरच्या टेबलावरून म्हणाले. "चार वाजेपर्यंत मशीन साफ पाह्यजे. तवाच पक्क्या नोकरीची ऑर्डर."

"पाच मिनिटांचं काम, सर!"

लिनक्सचं मशीन. माणूस फाईल बंद न करता उठला की एडिटर, म्हणजे लिहायचा प्रोग्राम, मागे एक तात्पुरती फाईल सोडतो. रूपरावच्याच खुर्चीत बसून अंकुशने काळ्या स्क्रीनवर त्या उडवायचा हुकूम टाइप केला. अशा चाळीस फायली गेल्या.

एक उरली.

उडवली. यादी पाहिली...

होतीच. आधीपेक्षा मोठी.

कुणी लिहीत असेल तरच ती वाढते. मशीनवर आत्ता कोण आहे, अंकुशने मशीनलाच विचारलं. उत्तरात एकच नाव. त्याचं स्वतःचं.

पुन्हा उडवायला एंटर दाबलं. बोट रुतलं.

खर्र्याचा चोथा. चावलेला, लाळेने बुळबुळीत... आणि कोमट.

"शी! सर, कीबोर्ड पुसला नाई काय कोनी?"

"अबे, कालच झाडणाऱ्या सपनानं स्पिरिटनं पुसला. तुले काऊन घाण लागून राह्यली?"

कानामागे सावकाश कचकच सुरू झाली. सुपारी फुटल्यासारखी.

मागे भिंत होती.

ती एकदाची बंद करावी म्हणून घाईत त्याने तिची मूळ फाईलच उघडली. मशीनने बजावलं, ही फाईल रूपराव लिहितो आहे, तरी उघडू? अंकुशने 'हो' दाबलं.

आणि रोमन अक्षरं उमटू लागली. एकेक...

'मी उठलो नाई अजून.'

तेव्हा त्याला खालची गादी जाणवली. ओली. ऊबदार. श्वास घेतल्यासारखी वरखाली होणारी.

तो दोन वाजल्यापासून कुणाच्या तरी मांडीवर बसला होता.

ओकत ओकतच तो बाहेर पळाला.

मधुकररावांना आठवड्यात दुसरा ऑपरेटर मिळाला. मोहिनीला हिंगणीचा मास्तर. दोघांचं काहीच अडलं नाही. किंमत भरली ती एकट्या अंकुशने. आजही तो उभ्यानेच जेवतो, एसटीत जागा असली तरी दांडा धरून उभा.

मी एकदा खोदून विचारलं. म्हणाला, "बसलो का खालून कोनीतरी मले नीट सरकवून घेते, दादा."