दिहांगच्या कड्यावर चार थर

एकोणीसशे पन्नास साली टेंभी नाक्यावर आमच्या मंडळाने दहीहंडी बांधली नाही. पंधरा ऑगस्टच्या संध्याकाळी आसामात धरणी हादरली, डोंगरच्या डोंगर दिहांग नदीत कोसळले, आणि हंडीसाठी जमवलेलं सगळं आम्ही तांदूळ, मीठ नि औषधांत घातलं. पण ते पोचवायचं कुणी?

"मी निघाले आहे. सोबत कोण येतंय?" ठाण्यातल्या डॉक्टर प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

मी हरिहर, कल्याण स्टेशनातला पार्सल क्लार्क. माझा देह डोंगर चढण्यातला नव्हेच. थरांमध्येसुद्धा मी कायम तळाला. तरी हात वर गेला खरा! मग मिठागरातला गुणाजी आला, आणि त्याचा मेव्हणा दगडू, जो आमची हंडी फोडायचा. अशी आमची पलटण.

आसामातल्या पासीघाटच्या पुढे रस्ता असा उरलाच नव्हता. तिथल्या छावणीत आम्हाला तालोम भेटला. तो आणि त्याच्या गावचे तरणे गडी धान्य न्यायला खाली आले होते. तेवढ्यात मागाहून आलेल्या एका धक्क्याने त्यांच्या गावाची वाटच ढासळली. तालोमची बायको ओयिन वर होती, तुळईखाली पाय चिरडलेली. दरीपलीकडून हाका मारून गावाने एवढं कळवलं होतं.

"जखम चिघळली तर पाय जाईल, कदाचित जीवही," बाई म्हणाल्या. "पेनिसिलिन आहे आपल्याजवळ. चला, लवकर!"

गुडघाभर चिखल, जळवा, अंगावर घरंगळणारे दगड! बांबूच्या झुलत्या पुलावर माझ्या पायाखालची एक कांब कडाडली तेव्हा मी ठाण्यातले झाडून सगळे देव आठवले. गुणाजी मागून म्हणाला, "हरीभाऊ, तुमी शेवटी या. पूल तुटला तर तांदूळ तरी पोचतील!"

दुपारी आम्ही कड्याखाली पोचलो, आणि सगळ्यांची तोंडं उतरली. वाट होती तिथे आता ओली, निसरडी, सरळसोट भिंत होती. खाली उभं राहायला एक अरुंद कंगोरा, त्याखाली घोंघावणारी दिहांग. वर उरलेल्या म्हाताऱ्यांनी वेताचा दोर सोडला होता. पण त्याचं टोक आमच्या डोक्यांच्या खूप वर लटकत होतं. आमचा दोर आम्ही पुन्हा पुन्हा फेकला. तो दर वेळी परत आला. तालोम भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला. मला त्याच्याकडे बघवेना.

दगडू मात्र मान वर करून त्या लोंबत्या टोकाकडे बघत होता. एकदम म्हणाला, "अरे, ही तर हंडीच की रे!"

मग काय! तळाला मी, तालोम आणि त्याच्या गावचे चार दणकट गडी. "खांद्याला खांदा! मान खाली! वर बघायचं नाही!" मी हिंदीत ओरडलो, तालोम त्यांच्या भाषेत. दुसऱ्या थराला तीन पोरं, वर गुणाजी. कमरेला आमचा दोर बांधून दगडू चढू लागला. एक पाऊल माझ्या खांद्यावर. मग हलकं झालं. वरून माती पडली. एक दगड कानाजवळून गेला. कुणी हललं नाही!

"गावला!" वरून दगडूची आरोळी आली.

आणि घात झाला! हंडी हाताला लागली की खाली जल्लोष होतो, थर सुटतात, हीच आमची आयुष्यभराची सवय. "गोविंदा!" मी गरजलो आणि खांदे सैल सोडले. गुणाजीने आनंदाने खाली उडी घेतली. पोरं गडगडली. कंगोऱ्यावर आमचा ढीग झाला!

दगडू वेताला लटकत राहिला. खाली नदी!

"दगडू, सोडू नकोस!" बाई किंचाळल्या.

वेत करकरला. वर म्हाताऱ्या बायाबापड्यांनी एक हाळी दिली. वेत हातभर वर गेला. थांबला. आणखी हातभर! मग दगडूचे पाय कड्याआड दिसेनासे झाले. थोड्या वेळाने त्याचं मातीने माखलेलं तोंड वरून डोकावलं. "हरीभाऊ, तुमच्या जल्लोषाला आग लागो!"

मी हसलो आणि रडलोही. त्याने कमरेचा दोर वर झाडाला बांधला. टोपलीत बसून आधी औषधं गेली, मग डॉक्टरबाई, मग तालोम, मग तांदूळ नि मीठ. मला ओढायला मात्र कुणी तयार होईना.

ओयिनचा पाय वाचला. आम्ही परत निघालो त्या दिवशी ती तालोमला धरून, काठी टेकत, कड्यापर्यंत आली आणि तिने दगडूचे दोन्ही हात घट्ट धरले. तालोम खाली आम्हाला पोचवायला आला. त्याच्या मनात एक गोष्ट राहिली होती.

"तुमच्या खेळात वरचा पोचला की खालचे सुटतात?"

"रीतच आहे तशी," मी ओशाळून म्हणालो.

"तो खाली येईपर्यंत धरायचं नाही?"



पुढच्या वर्षी टेंभी नाक्यावर हंडी बांधली. दगडूने मटकी फोडली, दही ओघळलं, सगळा नाका ओरडला. तळाला आम्ही माना खाली घालून उभे होतो. माझ्या खांद्यावरून दगडूचे पाय जमिनीला टेकले, आणि मगच मी तोंड उघडलं.

"गोविंदा!"