नाकाची रेघ

कागदी चिकटपट्टीचे रोल संपले होते, एवढ्याच कामासाठी डॉ. मोनाली गुप्ते त्या संध्याकाळी पनवेलच्या बाजारात उतरली. दोन हजार अकराचा डिसेंबर. औषधांच्या दुकानातून सहा रोल घेऊन ती चालतच दवाखान्यात आली.

मुलांची फुप्फुसं आणि मुलांची झोप, यात तिची सतरा वर्षं गेली होती. आधी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात, मग दोन वर्षं परदेशात आणि शेवटी इथे, माहेरच्या गावी. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिने एक खास खोली करून घेतली होती. मूल तिथे अंगाला तारा लावून रात्रभर झोपायचं आणि शेजारच्या खोलीत पडद्यावर त्याचा एकेक श्वास उमटायचा.

या सतरा वर्षांनी तिला एक वाईट सवयही लावली होती. मुंबईला असताना एक तान्हं बाळ चार वेळा निळं पडून तिच्याकडे आलं होतं. चारही वेळा ती आजार शोधत राहिली. पाचव्यांदा बाळ आलंच नाही. त्याच्या तोंडावर उशी दाबणारं माणूस दर वेळी तिच्यासमोर बसून रडलं होतं. तेव्हापासून मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावण्याआधी मोनाली सोबत आलेल्यांचे हात बघायची.

आज झोपायला येणार होती सात वर्षांची कोमल. उरणकडच्या मिठागरांच्या गावातली. तीन महिन्यांत तीनदा झोपेत निळी पडलेली. पहिल्याच भेटीत तिच्या आईने, सुनीताने, सासूला बाहेर बसवून मोबाईल पुढे केला होता. अंधुक चित्रण होतं. आजी, चंद्रावती, झोपलेल्या नातीवर वाकली होती आणि तिचा तळवा पोरीच्या नाकातोंडावर घट्ट दाबलेला होता.

"मी ओरडले तवा हात काढला," सुनीता कुजबुजली होती. "नवरा बोलतो, आये असा करनारच नाय. मी सांगू कोनाला?"

मोनालीने बालकल्याण समितीला द्यायचं पत्र त्याच रात्री टाइप केलं. सही तेवढी बाकी ठेवली. आजी जवळ नसताना एक रात्र शांत गेली, की सही करायची, असं तिने ठरवलं होतं.

आठ वाजता तिघी आल्या. मोनालीने म्हातारीचे हात पाहिले. रुंद, मिठाने चिरा पडलेले. तिची नजर ओळखून चंद्रावतीने हात पदराखाली घेतले.

"मला आत बसू द्या, डाक्टरीणबाय."

"आत एकच माणूस. आई बसेल."

"ती झोपंल. तिला नाय कळनार."

"काय नाही कळणार?"

म्हातारी खालच्या आवाजात म्हणाली, "भादव्यात पोर मिठागराच्या पान्यात पडली. काढली तवा श्वास नव्हता. कोन एक मानूस आला, त्यानं तोंडाला तोंड लावून हवा फुंकली. पोर उठली. आमी तिला कवटाळून रडत बसलो. मान वर केली, तर मानूस नाय."

"गावातलाच असेल कोणी."

"नाय. आन त्याचे कपडे चिंब होते, बाय. पान्यात तर तो उतरलाच नव्हता..."

मोनालीने मान हलवली. अशी माणसं गोष्ट तयार करूनच येतात, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तिने चंद्रावतीला बाहेर बाकावर बसवलं आणि दाराला आतून कडी घातली.

तंत्रज्ञ शैलेशने कोमलच्या छातीला आणि पोटाला पट्टे बांधले, बोटाला लाल दिव्याचा चिमटा लावला, नाकाखाली हवा मोजणारी बारीक नळी चिकटवली. पोर कार्टूनबद्दल बडबडत झोपी गेली. अकरापर्यंत सुनीताही खुर्चीत पेंगली. पडद्यावर सगळ्या रेघा एका लयीत चालल्या होत्या. बाहेर बाकावर म्हातारीच्या बांगड्या मधूनच वाजत होत्या. ती जागी होती.

पावणेदोनला छातीची रेघ आडवी झाली.

मोनाली पुढे झुकली. टॉन्सिल वाढलेली मुलं झोपेत घुसमटतात, तेव्हा छाती धडपडत असते आणि नाकातली हवा थांबते. कधी मेंदूच श्वास घ्यायला सांगत नाही, तेव्हा छाती आणि हवा दोन्ही थांबतात. तिसरा प्रकार तिने सतरा वर्षांत पाहिला नव्हता, कुठे वाचलाही नव्हता.

छातीची रेघ आडवी होती, पोटाचीही. नाकाची रेघ मात्र चालली होती. सावकाश, खोल, मोठ्या माणसाच्या श्वासासारखी.

"मॅडम, पट्टे सुटलेत का?" शैलेशने विचारलं.

"सुटले असते तर ऑक्सिजन उतरला नसता." आकडा शहाण्णववरून नव्वदवर आला होता. मग चौऱ्याऐंशी.

दोघं आत धावली. सुनीता दचकून उठली. पट्टे घट्ट होते. कोमलची छाती दगडासारखी स्थिर होती आणि ओठ काळेनिळे पडत होते. मोनालीने तिच्या नाकाजवळ गाल नेला. गालावर वारा आला. गार, ओला, मिठागराच्या चिखलाचा वास असलेला.

तिने मास्क लावून हवेची पिशवी दाबली. हवा आत जाईना. मान सरळ केली, जबडा उचलला, पुन्हा दाबली. कुणी तरी आतून तोंडाने रेटा द्यावा, तशी पिशवी तिच्या हातात परत फुगत होती. आकडा सत्तरवर आला. मोनालीचं भान सुटलं. मास्क फेकून तिने पोरीच्या तोंडाला तोंड लावलं आणि जीव खाऊन फुंकलं. जिभेवर खारट चव आली. छाती हलली नाही.

दारावर थापा पडत होत्या. सुनीतानेच कडी काढली. आयुष्यात पहिल्यांदा ती सासूला हाक मारत रडत होती, "आये, बघा ना वो..."

चंद्रावती आत आली आणि तिने तळवा पुढे केला. मोनालीने तिचं मनगट पकडलं.

"हात लावायचा नाही तिला!"

"तो श्वास पोरीचा नाय," म्हातारी म्हणाली. "तो थांबल्याबिगर तिला घेता येत नाय. सोडा, बाय..."

मोनालीने काचेतून शेजारच्या खोलीतल्या पडद्याकडे पाहिलं. साठ. मुंबईचं ते बाळ तिला आठवलं. ही बाई खोटी असेल, तर आज मोनालीच पोरीला तिच्या हवाली करत होती. खरी असेल, तर एकेक सेकंद जात होता. तिने मनगट सोडलं.

चंद्रावतीने नातीच्या नाकातोंडावर हात घट्ट दाबला. दहा सेकंद... वीस... शैलेशने तोंड फिरवलं. मग पोरीचं अंग ताडकन उडालं, म्हातारीने हात काढला आणि कोमलने आ वासून श्वास ओढला. आकडा भराभर चढला. सुनीता सासूच्या पायाशी बसली.

उजाडेपर्यंत मोनाली पोरीपाशीच बसून होती. पुन्हा काही झालं नाही. सातला कोमलने बिस्किटं मागितली. मोनालीने टेबलावरचं ते पत्र फाडून टाकलं, पण चंद्रावतीच्या हातांकडे तिला अजून सरळ बघवत नव्हतं. म्हातारीवरचा संशय गेला होता. पोरीच्या नाकातला तो श्वास गेला कुठे, हे मात्र तिला कळत नव्हतं.

निघताना चंद्रावती दारात थांबली.

"सुनीता बोलली, तुमी पोरीच्या तोंडाला तोंड लावलं."

"लावलं. दुसरा इलाज नव्हता."

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत आभार नव्हते, कीव होती.

"पोर आता बरी व्हईल," ती हळूच म्हणाली. "तुमच्या घरात... रातीला तुमच्याजवळ कोन झोपतं?"

"कुणी नाही. मी एकटीच असते."

चंद्रावतीने नातीचा हात धरला आणि ती जिना उतरली.

शैलेश चहा आणायला खाली गेला. मोनाली यंत्र बंद करायला पडद्यासमोर बसली. छातीची रेघ सपाट, पोटाची सपाट, बोटाच्या जागी नुसत्या रेघोट्या. नाकाची रेघ चालू होती.

काचेतून तिने पलीकडे पाहिलं. पलंग रिकामा होता. खिडकी लावलेली, पंखा बंद, दार बंद. नळी स्टँडवर गुंडाळून ठेवलेली होती. काही आवाज येतोय का, हे ऐकायला मोनालीने श्वास रोखला.

रेघ थांबली.

तिने श्वास सोडला. रेघ वर गेली. तिने घेतला, रेघ खाली आली. दोनदा, तीनदा, अगदी तिच्याबरोबर. खाली रस्त्यावर शाळेच्या गाडीचा हॉर्न वाजला. मोनालीने एक हात छातीवर ठेवला, ओठ मिटले आणि पुन्हा श्वास रोखला. हाताखाली छाती अगदी स्थिर होती.

या वेळी रेघ थांबली नाही.