बाराव्या रोज्याची वेळ

तलाक मिळालेल्या बाईनं तीन महिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नसतं. त्या मुदतीला इद्दत म्हणतात, आणि नळदुर्गात ती कुणी मोडल्याचं शांतलिंगला तरी आठवत नव्हतं. म्हणून भर दुपारी बुरख्यातली कुलसुमबी चन्नबसप्पाच्या ओट्यापुढं येऊन उभी राहिली, तेव्हा शांतलिंगच्या हातातला अडकित्ता सुपारीवर तसाच थांबला.

चन्नबसप्पा निजामाच्या अमलात पोलीस अमीन होता. विलीनीकरणानंतर त्यानं नोकरी सोडली, पण लोकांच्या भानगडी निस्तरायची खोड काही सुटली नाही. शांतलिंग त्याचा बाळमित्र. कापडाचं दुकान भावाच्या गळ्यात घालून तो दिवसभर याच ओट्यावर बसे. शांतलिंगची अक्कल बेताची, असं चन्नबसप्पा म्हणे. शांतलिंगला ते मान्य नव्हतं, पण त्याचं उत्तर त्याला नेहमी दुसऱ्या दिवशी सुचायचं.

"अमीनसाब," कुलसुमबी म्हणाली, "परवा माजी इद्दत सरती. परवाच्याच मोटारीनं मला लोहाऱ्याला मामूच्या घरी धाडणार हायत. तेच्या आदी मला येवडंच कळू द्या. ते असे पालटले कशापायी?"

ते म्हणजे तिचा नवरा मकबूल. एका जहागीरदार नवाबाचा खानसामा. पोलीस ॲक्शननंतर नवाबानं विलायत गाठली, आणि हाताला चव म्हणून मकबूललाही सोबत नेलं. त्याला लिहिता येत नसे. तिकडं भेटेल त्याच्याकडून तो उर्दूत पत्र लिहून घ्यायचा. ही पत्रं नवाबाच्या टपालातून हैदराबादच्या हवेलीत येत. तिथून मकबूलचा धाकटा भाऊ शब्बीर, जो ट्रक चालवायचा, ती घेऊन येई. आणि वाचून दाखवायची ती या दोघा भावांची थोरली बहीण, अजीजाबी, म्हणजे सगळ्यांची आपा. कुलसुमबीला अक्षर येत नव्हतं.

तिनं पत्र्याच्या डबीतून तीन पत्रं काढली. निजामाच्या कचेरीत उर्दूवरच आयुष्य गेलेलं, त्यामुळं चन्नबसप्पानं ती घडाघडा वाचली.

पहिलं मे महिन्यातलं. नवाबसाहेब जहाजानं उत्तरेच्या टोकाला सफरीला निघालेत, मीही जातोय, सोबत चित्रांचा कागद धाडतोय, एवढंच. तो रंगीत कागद शांतलिंगनं आधी ओढला. खाली परक्या भाषेतली बारीक अक्षरं होती, ती कुणाच्या बापाला कळायची नाहीत. पण चित्रं झकास होती. एकात बर्फाच्या डोंगरांमधून चाललेलं जहाज. दुसऱ्यात ओसाड रानातून चाललेली मोटार, झाडाच्या फांद्यांसारख्या शिंगांची हरणं आणि कातड्याचे तंबू. तिसऱ्यात शाली पांघरून डेकवर उभे साहेब-मडमा, भिंतीवर बारा वाजलेले दाखवणारं घड्याळ आणि मागं पाण्याला टेकलेला सूर्य.

"बघ की," शांतलिंग म्हणाला, "दुपारचे बारा वाजले तरी सूर्य केवढा खाली! त्या थंडीत सूर्याला तरी वर चढावंसं कुठनं वाटंल?"

"हं," चन्नबसप्पा म्हणाला आणि त्यानं दुसरं पत्र उघडलं.

ते जूनचं होतं. 'आमचं जहाज डोंगरांच्या पोटातल्या पाण्याच्या गल्ल्यांमधून चाललं. दुपारी बारालाही सूर्य पाण्याला टेकलेला असतो. मग उतरून चार दिवस मोटारीनं रानातून गेलो. मैलोगणती माणूस नाही. फांद्यांच्या शिंगांची हरणं पाळणारे लोक कातड्याच्या तंबूत राहतात. इथंही मी रमजान पाळतो. बारावा रोजा जहाजावर सात वाजून एक मिनिटाला खजुरानं सोडला. मग बर्फावर चांदणं पडलं. असा मुलूख जन्मात विसरणार नाही.'

तिसरं जुलैचं होतं. नवाबसाहेबांबरोबर कायमचा राहणार, तुला तलाक, तलाक, तलाक. बस्स.

"हे पत्र वाचताना आपा लई रडली," कुलसुमबी म्हणाली. "माझ्यापरीस जास्त. तिनंच मला पसंत करून या घरात आणलं. मला आई न्हाय. म्या तिलाच आई समजलं."

"तू घरी जा पोरी. आणि लोहाऱ्याचं गठुडं बांधू नकोस अजून," चन्नबसप्पा म्हणाला.

शब्बीर हमरस्त्यावरच्या ढाब्यापुढं ट्रकच्या सावलीत सापडला. चन्नबसप्पानं आडवळण न घेता विचारलं, पत्रं मधे कुठं उघडायचास का?

"उघडून काय करू अमीनसाब? मला पांढऱ्यावरचं काळं कळत न्हाय. नाक्यावर अंगठा देतो म्या. हवेलीतून घ्यायचं, आपाच्या हातात द्यायचं. हिकडची पत्रं पण तीच लिहून देती, म्या हवेलीत टाकतो."

"भावजय गेली तर घर तुला मोकळं होईल."

शब्बीरचा चेहरा उतरला. "व्हय, लोक तसंच म्हणत्यात. पण म्या म्हैन्यातले पंचवीस दिवस या खोक्यात झोपतो."

"रमजानात रोजे?"

"गाडीवर कसले रोजे? मुसाफिराला सूट हाय. आपा शिव्या देती, पण भूक लागली की खातो म्या."

उठताना शांतलिंग कानाशी लागला. "ह्यानंच केलंय. घराचा लोभ."

"लोभ आहे का नाही ते मला माहीत नाही. अक्षर नाही, हे नक्की."

आयुब मास्तर शाळेत एकटाच होता. फळ्यावर पृथ्वीचा कलता गोळा काढलेला, त्याचं वरचं टोक खडूनं पांढरं केलेलं. टेबलावर कंदील आणि शेंडीचा नारळ. नऊ वर्षांपूर्वी यानं कुलसुमबीला मागणी घातली होती आणि तिच्या मामानं नाकारली होती, हे गावाला ठाऊक होतं. शांतलिंगनं ताबडतोब त्याच्याकडं संशयानं बघायला सुरुवात केली.

"राग आला होता तेव्हा," आयुब सरळ म्हणाला. "पण तिची पत्रं मी पाहिलीसुद्धा नाहीत. मला कोण दाखवणार? मी वाचायला गेलो असतो तर गावानं तिलाच नावं ठेवली असती."

"हा नारळ कशाला?"

"ऋतू शिकवतोय." मास्तर खुलला. त्यानं कंदील लावला आणि नारळाची शेंडी त्याच्याकडं कलती धरून नारळ जागच्या जागी फिरवला. "शेंडी म्हणजे उत्तरेचं टोक, दिवा म्हणजे सूर्य. आपला उन्हाळा असला की शेंडी दिव्याकडं. बघा, मधला भाग उजेडात येतो, अंधारात जातो. शेंडी मात्र उजेडातच."

चन्नबसप्पा बराच वेळ नारळाकडं बघत राहिला. शांतलिंगही बघत होता, पण तो नारळ फोडणार कधी याची वाट.

अजीजाबी आणि कुलसुमबी एकाच अंगणात राहत. अजीजाबी पन्नाशीची विधवा. गल्लीतल्या मुलींना ती कुराण वाचायला शिकवी, लाकडी पाट्यांवर उर्दूचे कित्ते घालून देई. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

"माजा मकबूल असा न्हवता अमीनसाब. आठ वर्साचा होता तवापासनं म्या वाडिवला. आता बर्फाच्या मुलखात जाऊन दगड झाला."

"पत्रं तुम्हीच वाचलीत ना, आपा?"

"दुसरं कोन हाय?"

"नऊ वर्षांत मूल नाही, त्याचं त्याला वाईट वाटायचं?"

"त्याला कुठलं?" ती पटकन म्हणाली आणि मग थांबली. "मलाच वाटायचं. आमच्या बापाचं नाव शब्बीरच्या हातनं काय चालायचं न्हाय. माज्या नवऱ्याची भाची सोलापुरात हाय, गुणाची पोर. पन आता काय बोलून उपेग."

भिंतीवर रमजानचं छापील वेळापत्रक अजून चिकटलेलं होतं. सोलापूरच्या कुठल्या तरी दुकानानं वाटलेलं. चन्नबसप्पा त्याच्यावरून बोट फिरवत उभा राहिला. शांतलिंगचं लक्ष खुंटीवरच्या फुगलेल्या पिशवीकडं गेलं. त्यानं विचारलं, काय बाजरी-बिजरी का काय?

"कुराणाचे फाटके सिपारे, चिठ्ठ्याचपाट्या," अजीजाबी म्हणाली. "अल्लाचं नाव असलेला कागद जाळायचा न्हाय, पायाखाली येऊ द्यायचा न्हाय. बोरी नदीत सोडतो आमी. औंदा नदीला धारच न्हाय, म्हणून पडलंय."

घरी येताना शांतलिंगनं आपला निकाल सांगितला: मकबूलनंच दगा दिला, परमुलखात गेलेला माणूस आपला राहत नाही. चन्नबसप्पा म्हणाला, "तुझं म्हणणं मी नेहमी ध्यानात ठेवतो. उरलेलं काय ते त्यानं लवकर सापडतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात घोंगडी अंथरली गेली. अजीजाबी, शब्बीर, दाराआड कुलसुमबी, आणि एका कडेला नारळ मांडीवर घेऊन अवघडून बसलेला आयुब मास्तर.

"मास्तर, जून महिन्यात पृथ्वीच्या शेंडीवर सूर्य किती वाजता मावळतो?" चन्नबसप्पानं विचारलं.

"मावळतच नाही. कित्येक आठवडे रात्रच होत नाही."

"मग या चित्रात घड्याळात बारा वाजलेत आणि सूर्य पाण्याला टेकलाय, ते काय?"

मास्तरनं कागद बघितला आणि हसला. "ही मध्यरात्र आहे अमीनसाब. मध्यरात्रीसुद्धा सूर्य वरच, हीच तर तिथली नवलाई. त्यासाठीच लोक जहाजं भरून जातात."

शांतलिंगनं कागद ओढून पुन्हा पाहिला. सूर्याच्या आळशीपणाबद्दल आपण काय बोललो होतो ते आठवून तो सुपारी कातरू लागला.

"आता हे जूनचं पत्र," चन्नबसप्पा म्हणाला. "यात लिहिलंय, दुपारी बाराला सूर्य पाण्याला टेकतो. तिथं गेलेला माणूस दुपार आणि मध्यरात्र यात चुकणार नाही. चुकेल तो फक्त चित्र बघितलेला. पुढं चांदणं पडलंय, जिथं अंधारच नाही तिथं. जहाज, रान, हरणं, तंबू, जेवढं चित्रात आहे तेवढंच पत्रात. म्हणजे हे पत्र चित्राचा कागद समोर ठेवून इथं लिहिलंय. त्याच्या मागून आलेला तलाकही इथलाच."

दाराआड बांगड्यांचा आवाज झाला.

"लिहिलं कुणी? शब्बीरला अक्षर नाही. दुसऱ्याकडून लिहून घेतलं म्हणावं, तर जो स्वतः रोजे धरत नाही त्याला रोजा सोडायचं मिनिट कशाला सुचेल? मास्तरला अक्षर आहे, पण तो हेच मुलांना शिकवतो. त्यानं तिथं रात्र पाडली नसती. मग उरतो असा माणूस, ज्याला उर्दू येतं, भूगोल येत नाही, चित्राचा कागद ज्याच्या हातात आला, आणि जो इतका नेमाचा आहे की लबाडीच्या पत्रातसुद्धा भावाला बिनरोज्याचा ठेववेना. रोजा सोडवायचा तर खरी वेळ हवी. त्यानं भिंतीकडं बघितलं. आपा, बाराव्या रोज्यापुढं काय छापलंय तुमच्या भिंतीवर?"

शब्बीर उठून आत गेला, पण त्याला वाचता येत नव्हतं. तो वेळापत्रकच फाडून घेऊन आला. मास्तरनं वाचलं, "सात वाजून एक मिनिट."

"नळदुर्गचा सूर्य," चन्नबसप्पा म्हणाला. "त्या बिचाऱ्याला तुम्ही पृथ्वीच्या टोकावर नेऊन ठेवलंत."

"ह्याला पुरावा म्हणतात का?" अजीजाबीचा आवाज चढला.

"नाही. पुरावा खुंटीला आहे. मकबूलची खरी पत्रं तुम्ही दडवलीत, पण जाळली नसणार. पत्राच्या डोक्यावर अल्लाचं नाव असतं. नदीला पाणी नाही."

अजीजाबीनं पिशवीकडं नजर टाकली, आणि तिथंच सगळं संपलं. शब्बीरनं पिशवी घोंगडीवर उपडी केली. सिपाऱ्यांच्या पिवळ्या पानांत दोन नव्या घड्या निघाल्या. चन्नबसप्पानं त्या मास्तरकडं दिल्या. दाराआडून कुलसुमबी बाहेर येऊन उभी राहिली.

पहिलं पत्र उत्तरेतलं होतं. 'कुलसुम, इथं सूर्य बुडतच नाही. रोजा सोडायचा तरी कधी? नवाबसाहेब म्हणाले, मुसाफिराला सूट आहे. मी रोजे बाकी ठेवलेत. घरी येऊन तुझ्यासंगं पुरे करीन.'

दुसरं सप्टेंबरातलं. 'आपा लिहिते, तू मला सोडून लोहाऱ्याला गेलीस आणि माझं नाव काढत नाहीस. माझा विश्वास बसत नाही. पण आपा खोटं बोलत नाही. दिवाळीपर्यंत तुझा एक शब्द आला नाही तर नवाबसाहेबांबरोबर आणखी पुढं जाईन. मग परत येणार नाही.'

दिवाळी आठवड्यावर आली होती.

शब्बीर खाली मान घालून बसला. ही सगळी पत्रं त्यानंच आपल्या हातानं नेली-आणली होती.

"वंश बुडत होता," अजीजाबी शेवटी म्हणाली. "तू हायस तवर त्यो दुसरी करायचा न्हाय. तू गेल्यावर सोलापूरच्या पोरीसंगं त्याचं लगीन लावलं असतं, लेकरं झाली असती. तुजंबी वाईट केलं नसतं म्या. मामूला सांगून ठिवलं होतं, तुजं बघा म्हणून."

"आपा," कुलसुमबी म्हणाली, "गल्लीतल्या समद्या पोरींना अक्षर शिकवलंत. मला का न्हाय शिकवलं?"

सवयीनं अजीजाबीनं पत्रासाठी हात पुढं केला. मास्तरच्या हातातली पत्रं कुलसुमबीनं आपणच घेतली आणि घडी करून छातीशी धरली.

"शांतलिंगअण्णा, तार कुठनं करतात?"

"सोलापुरातनं. आत्ताच निघू," शांतलिंग उठत म्हणाला. या सगळ्यात आपल्याला जमण्यासारखं एक तरी काम निघालं, याचं त्याला बरं वाटलं.

"काय लिहायचं?" मास्तरनं विचारलं.

"कुलसुम घरीच हाय. एवडंच."

शब्बीर ट्रक आणायला धावला. तार कुठल्या पत्त्यावर करायची, नवाब कुठं असेल, ती वेळेत पोचेल का, हे चन्नबसप्पालाही सांगता येत नव्हतं, आणि त्यानं तसं कबूल केलं. कुलसुमबीनं बुरखा घेतला. इद्दत नव्हतीच, तेव्हा मोडायचा प्रश्न नव्हता. उंबऱ्यावर ती थांबली.

"आपा, एक खरं सांगा. तलाकचं पत्र वाचताना तुमी रडलात. ते रडणं लबाडीचं होतं?"

"न्हाय बेटी," अजीजाबी म्हणाली, आणि आता पुन्हा रडत होती. "अल्लाची आन, ते खरं होतं. तुजी माया हाय मला."

कुलसुमबीनं पत्रं बुरख्याच्या आत सारली.

"लबाडीचं असतं तर कदाचित माफ केलं असतं," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.