भावाच्या घरी राहणारा कॉम्प्युटर

नगरच्या दुकानात सत्यशीला एक लॅपटॉप हातात तोलून बघत होती. तेवढ्यात दुकानदार दाराकडे बघत म्हणाला, "ताई, आता यांनाच विचारा. पेपरात सल्ला लिहितात ना, ते अंगदसर."

तिचे हात थबकले. पंधरा दिवसांपूर्वीच त्यानं लिहिलं होतं, घरबसल्या काम करणाऱ्यांनी टेबलावर मांडायचा कॉम्प्युटरच घ्यावा. वाचकांनी वाहवा केली होती. कर्जतच्या एकीनं मात्र...

"कुठून आलात?" त्यानं विचारलं.

"कर्जतहून."

तो थांबला. "म्हणजे – 'लग्न झालं की तो कॉम्प्युटर भावाचा होतो', असं कळवणाऱ्या?"

"खोटं कळवलं का? ताईचं शिलाई मशीन अजून माहेरीच आहे. जड आहे, नेणार कोण, म्हणाले. आता वहिनी त्यावर वाळलेले कपडे ठेवते." तिचा आवाज उतरला. "मी पुस्तकं टाईप करून देते, सर. माझं काम तसं मागं राहायला नको."

तो हसेल असं तिला वाटलं होतं.

"मला दोन बहिणी आहेत," तो हळूच म्हणाला. "लिहिताना आठवल्याच नाहीत."

मग त्यानं तिला तीन लॅपटॉपवर एकेक पान टाईप करायला लावलं. तो बाजूला उभा राहून तिची बोटं बघत होता... आणि ती उगाचच चुकत होती.

पुढच्या लेखात त्यानं चूक कबूल केली. नंतरचा प्रत्येक लेख छापायला जाण्याआधी तिच्याकडे यायला लागला.

चार महिन्यांनी दोघं उसाचा रस पीत उभे होते.

"चुका काढून दमत नाही तुम्ही?"

"तुम्ही करायच्या थांबता का?"

तो हसला, मग ग्लासात बघत म्हणाला, "राहात्याहून आईदादांना घेऊन येऊ... तुमच्याकडे?"

होकार तर कधीचा ओठांवर होता. तरी तिनं तो दाबून धरला.

"या. पण आधी मी येणार, तुमचं घर बघायला."

"मुलगी स्वतः? आमच्याकडे लई बोलतील लोक."

"बोलू द्या. मी कामाला बसले की दार कोण लोटून घेतं, ते बघायचंय मला."

त्यानं ग्लास गाड्यावर ठेवला.

"मी घेईन," तो म्हणाला. "आणि आईनं हाक मारली की उठेन पण मीच."

तिनं ओढणीआड हसू लपवायचा प्रयत्न केला... पण ते लपलं नाही.

"मग रविवारी येते," ती म्हणाली.