आठ-चाळीसचा फोटो

फोटो काढायची हौस मला कधीच नव्हती. लग्नाचा अल्बमसुद्धा मी दोनदाच उघडला असेल. पण त्या वर्षी मी रोज एक फोटो काढत होतो, सकाळी आठ चाळीसला, आणि तोही एकाच माणसाचा. माझ्या बापाचा.

काळाचौकीची आमची चाळ पाडायचं ठरलं, तेव्हा बहुतेक बिऱ्हाडं मिळेल तिथे भाड्याने गेली. मीही बायको नम्रता आणि मुलगी प्रिती यांना घेऊन कळव्याला गेलो. बाबा मागे राहिले. राहिले म्हणजे आम्हीच ठेवले. चाळ कमिटीचा दीपक सांगून गेला होता, "सर्व्हे होईपर्यंत खोलीत माणूस दिसला पाहिजे, अजित. रोज ग्रुपवर फोटो टाक. हातात आजचा पेपर, मागे खोलीचा नंबर. उद्या कोणी आडवा आला तर पुरावा नको?" आई जाऊन सहा वर्षं झाली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला पुरावा म्हणून खुर्चीत बसवताना मला काहीही वाटलं नाही, हे खरं ते सांगतो.

पहिले तीन-चार महिने मी स्वतः जायचो. ऑफिस प्रभादेवीला होतं, फार वाकडी वाट पडायची नाही. नाक्यावर धनेशच्या स्टॉलवर पेपर घ्यायचा, तीन जिने चढायचे, तेवीस नंबरच्या दारात खुर्ची मांडायची. बाबा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार असायचे. मग रोजचा एकच वाद.

"फोनकडे बघा, बाबा."

"फोनकडे काय बघू? तू समोर आहेस ना."

त्यामुळे त्या सगळ्या फोटोंत त्यांची नजर कॅमेऱ्याच्या जरा वर लागलेली आहे. माझ्या तोंडावर. फोटो झाला की ते चहाचं विचारायचे आणि मी घड्याळ बघत जिना उतरायचो.

मग ऑफिस ऐरोलीला हललं. मला तेवढं निमित्त पुरलं. शेजारच्या कमळाकाकी अजून खोली धरून होत्या आणि त्यांच्याकडे चांगला फोन होता. मी म्हटलं, काकी, तेवढा फोटो काढून मला पाठवत जा, मी ग्रुपवर टाकीन. बाबा आतून म्हणाले, "तूच काढ रे. त्या निमित्ताने तोंड तरी दिसतं तुझं." रविवारी येतो म्हणालो. असे बरेच रविवार आले आणि गेले.

काकींच्या फोटोंत बाबा सरळ फोनकडे बघतात. आधारकार्डाच्या रांगेत बसवल्यासारखे.

मार्चमधल्या एका सोमवारी दुपारी काकींचा फोन आला.

"अजित, रामजीभाऊ कसे आहेत रे?"

"मला काय विचारता काकी? तुम्ही तर भिंतीला भिंत लावून..."

"अरे, मी विक्रोळीला आहे, लेकीकडे. पाय मोडून पडलेय. एकवीस दिवस झाले. तुला तीनदा फोन लावला, उचलला नाहीस. म्हटलं पोरगा कामात असेल..."

एकवीस दिवस मला काकींकडून फोटो आला नव्हता, आणि त्याचं मला काही वाटलंही नव्हतं. दीपकची कटकट नाही, म्हणजे काकी परस्पर ग्रुपवर टाकत असतील, असं मी धरून चाललो होतो. मी ग्रुप उघडला. फोटो होते. रोज आठ चाळीसला, एकही दिवस चुकला नव्हता. खुर्ची, पेपर, मागे तेवीसचा आकडा. आणि पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव.

मी फोनमधली गॅलरी उघडली. तिथेही ते होते, ऑफिसच्या कागदांच्या आणि प्रितीच्या शाळेच्या नोटिसांच्या फोटोंमध्ये, एकवीसच्या एकवीस. आठ चाळीसला मी रोज ऐरोलीत माझ्या टेबलावर असतो, फोन माझ्या समोर असतो. मी एकेक फोटो मोठा करून बघत राहिलो. कारण त्या एकवीस फोटोंत बाबांची नजर पुन्हा फोनच्या वर लागली होती. आणि ते हसत होते. माझ्या एकाही फोटोत ते हसलेले नाहीत.

अर्धी रजा टाकून निघालो. नाक्यावर धनेशने मान वर केली. "परत? सकाळी पेपर नेलात ना साहेब?"

भर दुपार होती, पण जिन्यात गेलं की ऊन संपायचं. रिकाम्या खोल्यांची दारं-खिडक्या लोकांनी काढून नेली होती. नुसती भोकं उरली होती आणि आत अंधार. चुन्याचा, कबुतरांच्या विष्ठेचा कुबट वास. कुठेतरी नळ ठिबकत होता. तीन मजल्यांत माणसाचा आवाज नाही. या असल्या जागी मी बापाला ठेवलं होतं आणि वर काकींच्या फोटोंना फोनवर अंगठे पाठवत होतो. स्वतःची किळस आली.

बाबा कॉटवर पेपर वाचत बसले होते. दाढी ताजी, सदरा धुतलेला. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला नवा हार. मोरीशेजारी दोन कप उपडे घातलेले.

"आज दोनदा?" ते म्हणाले.

"बाबा... सकाळी कोण आलं होतं?"

"म्हणजे? थट्टा करतो काय म्हाताऱ्याची?" ते हसले. "हल्ली बरा वागतोस हो. आधी फोटो काढला की पळायचास, पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा. आता बसतोस, चहा घेतोस, ऐकून घेतोस. काल तुझ्या आईचं सांगितलं, तर डोळे पुसलेस." मग आवाज खाली करून म्हणाले, "फक्त हात फार गार असतात तुझे. तब्येत दाखव एकदा."

मी दाराकडे बघितलं. दारात खुर्ची तशीच होती, बाहेर तोंड करून.

"बाबा, चला. आत्ताच्या आत्ता, माझ्याबरोबर कळव्याला."

"आणि खोली?"

त्यांनी साधं विचारलं होतं. पण मी थांबलो. सर्व्हे शुक्रवारी होता. चारच दिवस राहिले होते. इतकी वर्षं धरलेली खोली चार दिवसांसाठी सोडायची का, हा हिशेब मी तिथे, त्या दारात उभा राहून केला. जे कोणी येतं ते त्यांना काही करत तर नाही, चहा पितं, असंही मनाशी म्हणालो. उद्या सकाळी त्याच्या आधी मी येतो, मग बघू. बाबांना मी काहीच सांगितलं नाही. निघताना त्यांनी चहाचं विचारलं. मी घड्याळ बघितलं.

रात्रभर डोळा लागला नाही. मंगळवारी साडेआठला नाक्यावर पोचलो. लख्ख ऊन पडलं होतं, शाळेच्या बस चालल्या होत्या. धनेश पेपर लावता लावता थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग चाळीच्या जिन्याकडे.

"आत्ताच तर वर गेलात..."

मी धावलो. दुसऱ्या मजल्यावर दम लागला आणि कठड्याला धरून उभा राहिलो, तेव्हा वरून आवाज आला.

"फोनकडे बघा, बाबा."

माझाच आवाज होता. फक्त त्यात घाई नव्हती. इतक्या मायेने मी त्यांच्याशी उभ्या जन्मात बोललो नव्हतो.

"फोनकडे काय बघू..." बाबा म्हणाले. "तू समोर आहेस ना."

माझ्या खिशातला फोन थरथरला. उरलेला जिना मी कसा चढलो, आठवत नाही. चाळीच्या गॅलरीत कोणी नव्हतं. खाली जायला दुसरा जिना त्या चाळीत नाही. दारातल्या खुर्चीत बाबा बसले होते, मांडीवर आजचा पेपर, मान किंचित वर. अंग अजून गरम होतं. कठड्यावर दोन कप होते. एक भरलेला. दुसरा अर्धा प्यायलेला, आणि त्यातला चहा बर्फासारखा थंड.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. त्रास झाला नसणार, चेहरा बघा किती शांत आहे. बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला दीपक आला होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "शेवटच्या दिवसापर्यंत फोटो चुकवला नाहीस, अजित. असा मुलगा पाहिजे." चार माणसांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. त्या फोटोंवर आमची खोली नव्या घरासाठी पात्र ठरली.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. आठ चाळीसला फोन थरथरत नाही. ग्रुप मी सोडून दिला, गॅलरी उघडत नाही. साडेसातला निघतो, परत येतो तोवर प्रिती झोपायला आलेली असते. नम्रता आठला तिच्या कामावर जाते. मग शाळेची रिक्षा येईपर्यंत प्रिती तासभर घरात एकटीच असते. दहा वर्षांची आहे, समजूतदार आहे, असं आम्ही एकमेकांना सांगत असतो.

परवा ऑफिस लवकर सुटलं. संध्याकाळी घरी आलो, तर प्रिती अभ्यास करत होती आणि तिच्या दप्तराशेजारी त्या दिवशीचा पेपर घडी करून ठेवलेला होता. आमच्याकडे पेपर येत नाही.

"हा कुठून आला गं?" मी तिच्या केसांवरून हात फिरवत विचारलं.

तिला ती थट्टा वाटली. हसून तिने माझा हात धरला, आणि मग तिचं हसू थांबलं. दोन्ही हातांत घेऊन तो तिने नीट चाचपून बघितला.

"पप्पा... आत्ता तुमचे हात गरम कसे?"