प्लगवरचा पांढरा डाग

"मावशींनीच फ्रिजचं दार उघडं ठेवलं असणार," कप्तान सगळ्यांसमोर म्हणाली.

बारा वर्षांच्या या मुलीला कप्तान कोणी केलं होतं, देव जाणे. सुट्टीत आत्याच्या खाणावळीत आल्यापासून ती तपासच करत फिरत होती. काल तिने आणि आतेभाऊ चष्म्याने बरणीभर लसणाचं डिप केलं होतं. सोललेला लसूण, मीठ, लिंबू, वरून तेलाची बारीक धार. लोण्यासारखं पांढरंशुभ्र! आज दुपारी चाळीस पाहुणे जेवायला येणार, आणि फ्रिज कोमट, दूध नासलेलं, बरणीतलं डिपही कोमट.

अकरा वर्षं इथे रांधणाऱ्या मावशींनी ॲप्रनची गाठ सोडली.

"वास तर झकास आहे. वाढून टाका," आत्याचे यजमान बरणी उचलत म्हणाले.

"बाबा, तेलातला लसूण बाहेर राहिला की वास न येताही बिघडतो," चष्म्या म्हणाला. "खात्री असेल तर आधी तुम्हीच खा. चार चमचे."

बाबांना एकदम बाहेरचं काम आठवलं. डिप कचऱ्यात गेलं.

कप्तान पुरावा शोधायला फ्रिजमागे शिरली. दार कसलं, प्लगच काढलेला होता. त्यावर बोटाचा पांढरा, वाळलेला डाग. चष्म्याने हुंगलं.

"लसूण."

कप्तानला एकदम आठवलं. काल मिक्सरची वायर पुरत नव्हती. 'दोनच मिनिटं' म्हणून तिनेच फ्रिजचा प्लग काढून तिथे मिक्सर लावला होता, आणि नंतर विसरली होती.

"गप्प बस," चष्म्या कुजबुजला. "कोणाला कळतंय?"

पण मावशी पायात चपला सरकवत होत्या. कप्तान दारात आडवी उभी राहिली.

"प्लग मी काढला होता. तुमचं नाव उगीच घेतलं."

आत्याने कपाळाला हात लावला. "तोंड भारी चालतं गं तुझं. आज कामाला तरी आलं."

मावशींनी चपला काढल्या, लसणाची परडी तिच्या पुढ्यात आपटली.

"बस आणि सोल. पाहुण्यांना अजून दोन तास आहेत."

कप्तान सोलत बसली. बोटांचा वास तीनदा साबण लावूनही गेला नाही. मावशींनी फ्रिजच्या प्लगच्या जागी मिक्सर लावला, आणि लसूण वाटून झाल्यावर त्या म्हणाल्या,

"ऊठ, कप्तान. फ्रिजचा प्लग तू लाव. मी बघते."