सोडवून नेणाऱ्याची सही

मला फार बोलता येत नाही. शाळा नववीत सुटली, आणि कोंबड्या कापायच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी आठ तास उभं राहणाऱ्याला बोलायची सवयही राहत नाही. पण तुम्ही विचारलंत, बाहेर गारठाही आहे, तर जमेल तसं सांगतो. मध्येच थांबलो तर थांबू द्या.

मी एक कागद मागायला गेलो होतो, एवढंच.

माझा थोरला भाऊ रॉयस ऑक्टोबरमध्ये नाहीसा झाला. आई गेली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि तो वीसचा. ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून पुराच्या पाण्यात तिची गाडी वाहून गेली. तिसऱ्या दिवशी आईचा देह सापडला, गाडी नाही. तेव्हापासून मला रॉयसनंच वाढवलं. अंडी तळणं, ट्रक चालवणं, दाढी करणं, सगळं त्यानं शिकवलं. एका शनिवारी तो बिअर आणायला गेला आणि परतला नाही. त्याचा ट्रक पेट्रोल पंपावर उभा सापडला, किल्ली आतच. शेरीफच्या माणसांनी सांगितलं, मोठा माणूस आहे, आपल्या मनानं गेला असेल, मनानं येईल. मी तीन महिने रोज रात्री ओसरीवरचा दिवा लावून ठेवला.

जानेवारीत पट्ट्यावर माझ्या शेजारी उभा राहणारा डेन्झिल सहज म्हणाला की त्या शनिवारी त्यानं रॉयसला पंपावर शेरीफच्या गाडीत बसवताना पाहिलं होतं. प्यायला होता, गात होता. डेन्झिलला वाटलं, मला माहीत असेलच.

मला माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं.

हॅस्लर काउंटीत शेरीफचं ऑफिस कोर्टाच्या तळघरात आहे. खाली उतरलं की फरशीच्या मेणाचा आणि करपलेल्या कॉफीचा वास येतो. डाव्या हाताला तीन कोठड्या. मागे जुन्या कोठड्यांची एक ओळ आहे, तिथे आता माणसं नाहीत, रजिस्टरं ठेवतात. काचेमागे नॅडीनबाई बसतात. फोन त्याच घेतात, वायरलेस त्याच सांभाळतात, कागदही त्याच देतात. त्यांनी मला पाळण्यात पाहिलंय. चर्चमध्ये त्या आईच्या शेजारी बसायच्या.

मी टोपी काढून विचारलं, रॉयसला तुम्ही पकडून आणलं होतं का.

त्यांनी मान वर केली नाही. "पोरा, इथे प्रश्न विचारायचे नसतात. कागद मागायचा असतो."

नियमच तसा आहे. जो कागद असेल तो मागणाऱ्याला द्यावाच लागतो. नसेल तर 'असा कागद नाही' असं लिहून द्यावं लागतं. पण तोंडी काही सांगायचं नाही. मी फॉर्म भरला. नुसतं 'ऑक्टोबर' लिहिलं म्हणून तो परत आला. दुसऱ्या खेपेला तारीख घालून अटकेचा अहवाल मागितला. एक पान मिळालं. रात्री नऊ चाळीस, दारूच्या नशेत, प्रतिकार नाही, हसत होता. तो हसत होता हे वाचून मला तिथेच, लोकांसमोर, रडू आलं.

पण सुटला कधी, ते त्यात नव्हतं. नॅडीनबाई म्हणाल्या, तो वेगळा कागद. कोणता, ते काही सांगेनात. फक्त काचेच्या फटीतून हळूच बोलल्या, "एवढ्यावर थांब, ॲल्विन."

मला वाटलं, कोठडीत त्याला मारलं असेल आणि हे लपवतायत. कुणालाही तेच वाटलं असतं.

कागदाचं नाव डेन्झिलनं सांगितलं. तो दोनदा आत जाऊन आला होता. म्हणाला, कोठडीचं रजिस्टर माग. आपल्याकडे प्यायलेल्याला एकटं सोडत नाहीत, एक जण सुटून घरी चालत जाताना रस्त्यातच गारठून मेला होता तेव्हापासून. घरचं माणूस यावं लागतं, त्याची सही लागते. "मला न्यायला सासू आली होती," तो म्हणाला. "मी म्हटलं, परत आत टाका."

तिसऱ्या खेपेला गेलो तेव्हा फेब्रुवारी होता. दुपारचे बारा वाजले होते, पण बाहेर गारांचा भुगा पडत होता आणि उजेड दिवेलागणीला असतो तेवढाच होता. तळघरातली ट्यूबलाइट उजेड कमी देत होती आणि किड्यासारखी गुणगुणत जास्त होती. ऑफिसात दुसरं कुणीच नव्हतं. नॅडीनबाईंनी माझा फॉर्म वाचला, पुन्हा वाचला. मग किल्ल्यांचा जुडगा घेऊन मागे गेल्या.

मी ऐकत उभा राहिलो. किल्ली फिरली. लोखंडी दार ओढल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही... फक्त कुठेतरी पाणी ठिबकत होतं. त्या आठवड्यात गावातले सगळे नळ गोठलेले होते.

त्या आल्या त्या रजिस्टर छातीशी धरून. त्याची झेरॉक्स त्यांनी आणली नव्हती. म्हणाल्या, ते पान यंत्रात जात नाही. त्यांनी ते माझ्यासमोर उघडलं. बाकीची पानं कोरडी, सपाट. ते एकच फुगलेलं, सुरकुतलेलं, कडांना तपकिरी. आणि वास आला. उन्हाळ्यात ओढा आटला की तळाचा गाळ उघडा पडतो ना, तो वास.

रॉयस टेट. आत, रात्री नऊ पंचावन्न. बाहेर, सकाळी सात दहा. सोडवून नेणाऱ्याचं नातं: आई. पुढे सही. लव्हॉन टेट.

शाळेत मी गैरहजर राहिलो की जी चिठ्ठी जायची, तिच्याखाली हीच सही असायची. 'टी'ची आडवी रेघ पुढच्या सगळ्या अक्षरांवरून ओढलेली.

"ही सही..." मी म्हणालो.

"मला ठाऊक आहे कुणाची ते." नॅडीनबाई म्हणाल्या. "वीस वर्षं तिच्या मांडीला मांडी लावून गाणी म्हटली मी. तिच्या मातीला मी होते."

"तुम्ही कधी पाहिली?"

"त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी. कामावर आले तेव्हाच."

"मग मी दोनदा आलो..."

"तू तो कागद मागितला नव्हतास, बाळा." एवढं बोलून त्यांनी तोंडावर हात ठेवला. स्वतःचंच उत्तर त्यांना सोसलं नाही, असं मला वाटलं.

मग नियम मोडून त्यांनी सांगितलं. त्या रविवारी सकाळी पहाऱ्यावर ओडेल नावाचा माणूस होता. दुसऱ्या काउंटीतून नवा आलेला, कुणालाच न ओळखणारा. एक बाई आली. कोरडी सकाळ होती, पण तिच्या कोटातून पाणी गळत होतं. त्यानं ओळखपत्र मागितलं. ती म्हणाली, गाडीत राहिलं, आणि गाडी आता मिळायची नाही. तेव्हा इथे सगळेच करतात तेच त्यानं केलं. तिला गजांपाशी नेलं आणि रॉयसला विचारलं, बाबा, ओळखतोस का हिला?

रॉयसची तोवर उतरली होती. त्यानं तिच्याकडे खूप वेळ पाहिलं. मग म्हणाला, "हो, साहेब. माझी आई आहे."

आणि तिला म्हणाला, "किती उशीर केलास गं."

ओडेलला हसू आलं होतं. तीस वर्षांचा घोडा आणि न्यायला आई आली म्हणून. दोघं हात धरून जिना चढून गेले. नॅडीनबाईंनी त्याला सोमवारी खरं काय ते सांगितलं, त्यानं त्याच दिवशी बिल्ला टेबलावर ठेवला आणि गेला.

"कुठे गेले ते?" मी विचारलं.

"त्याचा कागद नाही, पोरा."

मी टोपी घातली. जिन्यापाशी पोचलो तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "आता पुन्हा इथे काही मागायला येऊ नकोस." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मागच्या कोठड्यांच्या अंधाराकडे बघत होत्या. आणि माझ्या डोक्यात तोवर जे आलं नव्हतं ते तेव्हा आलं: तिथे माझ्याही नावाचं पान असेल तर?

मी परतलो. आणखी एक फॉर्म घेतला आणि त्यावर माझं स्वतःचं नाव लिहिलं. जन्मतारीख लिहिली. कागद: कोठडीच्या रजिस्टरातलं पान. अटकेची तारीख सोडून दिली, कारण मला कधी कुणी पकडलेलं नाही. मी ट्रकसुद्धा हळू चालवतो.

"ॲल्विन, नको."

"नसेल तर नाही म्हणून लिहून द्या," मी म्हणालो. उद्धट बोलायचा माझा स्वभाव नाही. पण तो कुठे आहे हे मला कुठून तरी कळायलाच हवं होतं, आणि माझ्यापाशी दुसरं दार नव्हतं.

त्यांनी फॉर्मवर शिक्का मारला. तो दोनदा उमटला.

चौथ्या दिवशी पाकीट आलं. दुपारपाळीला निघण्याआधी मी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं. 'असा कागद नाही' ही चिठ्ठी असेल, असं मी स्वतःला सांगत होतो. आत एकच पान होतं. सुरकुतलेलं.

ॲल्विन टेट. आत आल्याची तारीख, रिकामी. वेळ, रिकामी. गुन्हा, रिकामा. बाहेर गेल्याची वेळ, रिकामी. सोडवून नेणाऱ्याचं नातं: भाऊ.

पुढे रॉयसची सही होती. तो डावखुरा. लिहिताना त्याचा तळहात अक्षरांवरून फिरतो आणि सगळी सही उजवीकडे फरफटते. तशीच ती होती. शाई माझ्या अंगठ्याला लागली.

त्या दिवसापासून मी त्याला शोधत नाही. ओसरीवरचा दिवाही लावत नाही. मी पीत नाही, रस्त्यावर कुणाशी आवाज चढवत नाही. मागच्या आठवड्यात शेरीफची गाडी मैलभर माझ्या मागे आली, मग पुढे निघून गेली. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण खरं सांगायचं तर मी गाडी बाजूला घेतली आणि एकटाच बसून रडलो. भीती सुटली म्हणून नाही, ती गाडी थांबली नाही म्हणून...

असो. पान मी बायबलमध्ये घालून ठेवलंय. त्याची शाई अजून वाळलेली नाही, पुढची-मागची पानं डागाळलीत. काल संध्याकाळी उघडून पाहिलं. तारखेच्या रिकाम्या जागेत एक आकडा आला होता. फक्त पहिला. ते अक्षर रॉयसचं नव्हतं, आईचं नव्हतं, नॅडीनबाईंचंही नव्हतं. ते कुणाचं आहे, मला माहीत नाही.